वायफायचा पासवर्ड म्हणून मोबाईल नंबर ठेवला असेल तर

नागपुरातल्या सीताबर्डीतलं दुकान असो की धरमपेठेतलं पीजी, वायफायचा पासवर्ड पुष्कळदा मालकाचा मोबाईल नंबरच असतो. लक्षात राहतो, सांगायला सोपा. फोडायलाही. आपल्याकडचे नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फक्त 400 कोटी. तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांचा हँडशेक होतो, म्हणजे पासवर्ड जुळतो का याची पडताळणी. तो शेजारच्या खोलीतून कोणी टिपला की पुढचं काम, म्हणजे एकेक पासवर्ड त्याच्याशी ताडून पाहणं, घरी बसून, राउटरला पत्ता न लागू देता. गेमिंगच्या तगड्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासून होतात. तास-सव्वा तासात सगळे नंबर संपले. नंबर दुकानाच्या पाटीवरच असेल तर तेवढाही वेळ नको.

पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा चालतो. 16 च्या खाली जाऊ नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द उत्तम. गावाचं नाव आणि पुढे पिनकोड, हे नको.

बदल करायला लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, कारण सेटिंग सेव्ह केलं की वायफाय तुटतं. ब्राउझरमध्ये राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता टाका, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. कनेक्शन देणारा अ‍ॅडमिनचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवून गेला असेल, तो आधी बदला. बाहेरून राउटर उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा.

आता सिक्युरिटीचा पर्याय, म्हणजे वायफायला कुलूप कोणत्या पद्धतीचं. 1997 चं डब्ल्यूईपी 2001 मध्येच फुटलं. आज काही मिनिटांचं काम. 2003 चं टीकेआयपीवालं (संदेश कुलूपबंद करायची जुनी रीत) डब्ल्यूपीए ही जुन्या यंत्रांसाठीची तात्पुरती डागडुजी होती. ते निवडलं तर वेगही 54 एमबीपीएसवर अडकतो, आणि लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडत बसतात. डब्ल्यूपीए-2 घ्या, पण नुसत्या एईएससह, म्हणजे कुलूपबंद करायच्या नव्या रीतीसह. 2018 चं डब्ल्यूपीए-3 असेल तर तेच घ्या: त्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने बोलावं लागतं, घरी बसून यादी चालवता येत नाही. मात्र डब्ल्यूपीए-2 आणि 3 मिश्र ठेवलं की जुनी यंत्रं 2 नेच जोडली जातात, तेव्हा लांब पासवर्ड सुटत नाही.

डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून यंत्र जोडायची सोय, बंदच करा. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. म्हणून 10,000 अधिक 1,000, एवढ्या 11,000 प्रयत्नांत खेळ खलास. हे 2011 पासून जगजाहीर आहे. पिन फुटला की 63 अक्षरी पासवर्डही आयता हातात.

पीएमएफ नावाचा पर्याय दिसला तर चालू करा. खोटे संदेश पाठवून तुमचा फोन तोडायचा आणि पुन्हा जोडताना हँडशेक टिपायचा, ही युक्ती त्याने अडते. नेटवर्कचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (यंत्राचा मॅक क्रमांक पाहूनच आत घेणं) यांत वेळ घालवू नका; नाव आणि क्रमांक, दोन्ही गोष्टी हवेत उघड्याच फिरतात.

गिऱ्हाइकांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, द्या. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर त्यात येऊ देऊ नका. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए-3 वर रुसला तर मुख्य नेटवर्क मिश्र ठेवा. हे सगळं दुकान वाढवल्यावर करा, कारण प्रत्येक यंत्रात नवा पासवर्ड टाकावा लागतो आणि वायफायवरचं कार्ड मशीन नेमकं गर्दीत बंद पडतं.