मंदीत दर पाडण्याआधी: फ्रीलान्सरांनो, या चुका टाळा

मंदीची चाहूल लागली की कंपन्या आधी कात्री लावतात ती बाहेरच्या माणसांच्या कामाला. कायम नोकरीतल्या माणसाला काढायचं तर नोटीस, भरपाई, कायदा आड येतो. कंत्राटावरच्या माणसाला एक ईमेल पुरतो. २००० मध्ये डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटल्यावर आणि २००८ च्या आर्थिक संकटात हेच झालं. २०२२ पासून व्याजदर चढले आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी कपात सुरू केली, तेव्हाही तेच. त्यातच नोकरी गेलेली अनुभवी माणसं फ्रीलान्स कामं शोधू लागतात. कामं कमी, करणारे जास्त, म्हणून दर घसरतो. तुमचं काम वाईट झालं म्हणून नव्हे. हे आधी मनाशी पक्कं करा, कारण पुढच्या बहुतेक चुका घाबरून केलेल्या असतात.

दुखणं न ओळखता औषध घेणं

कमाई घटली की सगळे दराकडेच बोट दाखवतात. त्याआधी गेल्या सहा महिन्यांचे चार आकडे कागदावर मांडा: किती विचारणा आल्या, किती कोटेशन पाठवली, किती कामं मिळाली आणि प्रत्येक कामाला प्रत्यक्षात किती तास गेले.

विचारणाच आटल्या असतील तर दर कमी करून काही उपयोग नाही. तुमचा दर विचारायलाच कुणी येत नाहीये. तिथे संपर्क वाढवायला हवेत, किंवा ज्या क्षेत्रात अजून खर्च होतोय तिकडे वळायला हवं. विचारणा पूर्वीइतक्याच आहेत पण कोटेशननंतर शांतता पसरते, तर अडचण किमतीची किंवा कोटेशनच्या मांडणीची आहे. आणि कामं मिळतायत तरी हाती काही उरत नाही, तर तास वाहून जातायत. ठरलेल्या रकमेचं काम ४० तासांचं धरलं आणि ५५ तास लागले, तर तुमचा दर न मागता २७ टक्क्यांनी घसरला. तासांची नोंद ठेवली नसेल तर हे कधी कळतही नाही.

गणित न करता दर पाडणं

‘थोडा दर कमी करू, काम तरी टिकेल,’ ही सगळ्यात महागडी चूक. महिन्याला १०० तासांचं बिल होतं, दर १०० आहे, म्हणजे जमा १०,०००. घर, इंटरनेट, सॉफ्टवेअर, विमा असा ठरलेला खर्च ४,००० धरा. उरले ६,०००. आता दर २० टक्क्यांनी कमी केला, तर जमा ८,००० आणि खर्च तोच. उरतात ४,०००. दर एक पंचमांशाने उतरला, शिल्लक मात्र एक तृतीयांशाने गेली.

भरून काढायचं तर किती जास्त काम लागेल? २० टक्के घटीला २५ टक्के जास्त तास, ३० टक्के घटीला जवळजवळ ४३ टक्के, ५० टक्के घटीला दुप्पट. आणि हे जास्तीचं काम शोधायचं ते काम मिळत नसतानाच. शिवाय एकदा उतरलेला दर क्लायंटच्या फाइलमध्ये ‘तुमचा दर’ म्हणून नोंदला जातो. पुढच्या वर्षी तोच आकडा वाटाघाटीची सुरुवात ठरतो.

म्हणून क्लायंट म्हणाला, ‘बजेट ३० टक्क्यांनी कमी झालंय,’ तर काम ३० टक्क्यांनी कमी करा, दर नाही. रिव्हिजनच्या तीन फेऱ्यांऐवजी एक, दर आठवड्याच्या मीटिंगऐवजी लेखी अहवाल, दहा पानांऐवजी सात. काय वगळलं ते कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात ते ‘एवढं बघा ना जरा’ म्हणून परत येतं.

फुकट सूट देणं

सूट देणं चूक नाही. बदल्यात काही न मागणं चूक आहे. १० ते १५ टक्के सूट देताना यातलं निदान एक तरी घ्या: दरमहा किमान तासांची हमी, ५० टक्के ॲडव्हान्स, ३० दिवसांऐवजी ७ दिवसांत पेमेंट, किंवा करार थांबवण्याआधी ३० दिवसांची नोटीस. मंदीत यातली शेवटची अट सोन्यासारखी आहे. काम अचानक बंद झालं तरी एक महिना हाताशी राहतो.

आणि सूट बिलावर वेगळ्या ओळीत दाखवा:

नेहमीचा दर १०० × ४० तास = ४,०००
सूट १५ टक्के, ३० जूनपर्यंतच = वजा ६००
देय रक्कम = ३,४००

याऐवजी बिलावर नुसतं ‘८५ × ४० तास’ लिहिलंत तर ८५ हाच तुमचा दर झाला. पहिल्या पद्धतीत मुदत संपली की सूट आपोआप गळते. दर वाढवून मागायची वेळच येत नाही.

उधारीकडे दुर्लक्ष

दर घसरल्याने मिळकत कमी होते, पण बुडालेल्या बिलाने माणूस बुडतो. अडचणीतल्या कंपन्या पेमेंटची मुदत ३० दिवसांवरून ६० किंवा ९० दिवसांवर नेतात, म्हणजे तुमच्या पैशावर स्वतःचा गाडा चालवतात. महिनाभर काम, महिनाअखेरीस बिल आणि ६० दिवसांची मुदत, असं असेल तर पहिला पैसा येईपर्यंत तीन महिन्यांचं काम अडकलेलं असतं. कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर तारण घेतलेल्या बँका आधी. तुमच्यासारखे बिनतारणी येणेकरी बरेच मागे.

बिल दर १५ दिवसांनी काढा आणि मुदत ७ दिवसांची ठेवा. मग अडकलेलं काम साधारण तीन आठवड्यांचंच राहतं. देय तारखेच्या ३ दिवस आधी आठवण पाठवा. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी फोन करा, आणि तो काम देणाऱ्या मॅनेजरला नव्हे, हिशेब विभागाला. बिल बहुतेक वेळा तिथेच कुठल्यातरी सहीसाठी पडलेलं असतं. ७ दिवसांनी ‘अमुक तारखेपासून काम थांबेल’ असं लेखी कळवा, १४ दिवसांनी खरोखर थांबवा. अंतिम फाइल आणि हक्क पूर्ण पेमेंटनंतरच मिळतील, ही अट करारात सुरुवातीलाच हवी. वाद झाल्यावर घालता येत नाही.

आधीच्या खुणाही असतात. बिल अर्धवट चुकतं होणं, कधी न विचारलेल्या किरकोळ रकमांवर प्रश्न येणं, मंजुरी देणारा माणूस वारंवार बदलणं. यातल्या दोन दिसल्या की नवं काम ॲडव्हान्सशिवाय सुरू करू नका. एकाच क्लायंटकडून निम्म्याहून जास्त कमाई येत असेल तर हे आणखी कडक पाळा.

अनोळखी बोलींच्या गर्दीत शिरणं

काम आटलं की बरेच जण फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवर दिवसाला वीस-वीस प्रस्ताव टाकतात. तिथे सगळे एकाच वेळी हेच करत असतात, वर कमिशन जातं, आणि बोली लावण्यात गेलेले तास कुठल्याच बिलात बसत नाहीत. तेवढाच वेळ जुन्या क्लायंटना द्या. फक्त ‘काही काम आहे का?’ असं विचारू नका; त्याचं उत्तर नाहीच येतं. नेमकं काम समोर ठेवा: ‘मागच्या वर्षी केलेल्या वेबसाइटवरच्या तीन पानांची माहिती आता जुनी झाली आहे. दुरुस्तीला साधारण सहा तास लागतील. या आठवड्यात करून देऊ का?’ सहा तासांचं काम मंजूर करायला वरच्या सहीची गरज सहसा पडत नाही.

फुकट ‘नमुना’ करून देऊ नका. आधीचं काम दाखवा, किंवा दोन तासांचं छोटं काम पैसे घेऊन करा.

बाजार सावरतोय हे उशिरा कळणं

मंदी ओसरताना कंपन्या लगेच कायम भरती करत नाहीत. खात्री पटेपर्यंत आधी तात्पुरती माणसं घेतात. म्हणजे सुधारणा नोकरीच्या जाहिरातींआधी तुमच्याकडच्या विचारणांत दिसू शकते. नेमक्या त्याच वेळी पडत्या दराचा वर्षभराचा करार सही करून बसू नका. करार तीन महिन्यांचा ठेवा आणि त्यात दर फेरविचाराची तारीख घाला. लागोपाठ दोन महिने विचारणा वाढल्या, की पुढच्या नव्या क्लायंटला पूर्ण दर सांगा. त्याने होकार दिला, की जुन्यांना ३० दिवस आधी लेखी कळवून सूट बंद करा. सगळ्यात कमी दराच्या क्लायंटपासून सुरुवात करा, कारण तो गेला तरी तुमचे तासामागे सगळ्यात कमी पैसे जातात आणि तास मोकळे होतात.