फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर कोणते जेल, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले कप्पे, चालू आहेत?

नागपूरच्या मे महिन्यात लाइट गेली, यूपीएसनंही मान टाकली, तर सर्व्हर परत उठल्यावर आधी टर्मिनलवर जेएलएस ही कमांड मारा, सगळी स्मॉल अक्षरं. प्रत्येक जेलचा आकडा म्हणजे जेआयडी, आयपी पत्ता, होस्टनेम आणि पाथ, अशी चार रकान्यांची यादी येते.

पण भाऊ, इथं दिसतात ते फक्त चालू जेल. बंद राहिलेलं शोधायचं तर ईटीसी फोल्डरमधल्या जेल डॉट कॉन्फ या जेलच्या सेटिंग फाइलशी यादी ताडून पाहा. तिथल्याच आरसी डॉट कॉन्फ या सिस्टिमच्या सेटिंग फाइलमध्ये जेल अंडरस्कोर एनेबलपुढं येस नसेल, तर त्यातलं एकही आपोआप उठत नाही. बहुतेकदा गोम इथंच असते.

रीस्टार्टनंतर जेआयडी बदलू शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये नावच वापरा. जेएलएसपुढं डॅश आणि कॅपिटल एन लावलं, की आकड्याच्या जागी नाव येतं.