जुनं सॉफ्टवेअर चालू ठेवून विंडोजचे अपडेट कसे टाकायचे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत जॅकार्ड डिझाइनचं (मागावर नक्षी विणायचं) सॉफ्टवेअर अजून कुठं कुठं जुन्या विंडोज एक्सपी नाहीतर सेव्हनवरच चालतंय, आणि मालकाचं एकच म्हणणं, "अपडेट बंद करून टाका, सॉफ्टवेअर बंद पडतंय." सरसकट बंद करू नका राव. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा त्याचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच येऊन बसला होता, ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्या फायली लॉक झाल्या, आणि तो व्हायरस एसएमबी 1 या जुन्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीतनं एका पीसीवरनं दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला.

म्हणून आधी पीसी वेगळे करा. डिझाइनच्या पीसीची लॅनची वायर काढायची, वायफाय असेल तर बंद, त्याच्यावर मेल नाही, जीएसटी नाही, बँक तर अजिबात नाही. डिझाइन पेनड्राइव्हनं न्या, पण पेनड्राइव्ह आधी अपडेट असलेल्या पीसीवर स्कॅन करूनच. आणि त्या पीसीच्या हार्डडिस्कचं क्लोन (हुबेहूब कॉपी) आजच काढून ठेवा, डिस्क गेली तर तो सेटअप परत कोण देणार.

बाकीच्या पीसींना अपडेट द्यायचेच, फक्त जरा दमानं. पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडं रात्री. बाकी पीसींवर अपडेट आठवडाभर पॉज ठेवा, एका पीसीवर टाका, बिल प्रिंट करून बघा, बॅकअप घेऊन बघा, मग सगळीकडं. काही बिघडलं तर अपडेट हिस्टरीत जाऊन तेवढा एकच अपडेट त्याचा केबी नंबर (प्रत्येक अपडेटचा क्रमांक) बघून अनइन्स्टॉल करा, अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकायची नाही.

प्रिंटरचं उदाहरण घ्या. 2021 ला मायक्रोसॉफ्टवाले प्रिंट स्पूलरची, म्हणजे प्रिंटची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या भागाची, सुरक्षेची भोकं बुजवायला लागले आणि सप्टेंबरच्या पॅचनंतर शेअर केलेले प्रिंटर शेवटी 11बी असलेला एरर द्यायला लागले. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) एक व्हॅल्यू शून्य केली की प्रिंट यायची, बरेच जण अजून तेच करतात, पण त्यानं बुजवलेलं भोक परत उघडतंय. प्रिंटरला लॅन पोर्ट असेल तर शेअरिंगचा नादच सोडा, प्रत्येक पीसीवर प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकून थेट जोडा.

विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळं आता सगळे विंडोज अकराकडं बघतायत, पण अकरा फक्त 64 बिटमध्ये येतं आणि त्याच्यावर 16 बिटचे, म्हणजे फार जुन्या काळचे, प्रोग्रॅम चालतच नाहीत. डॉसचं (विंडोजच्या आधीच्या काळचं) बिलिंग असेल तर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकून बघा, 16 बिटचा विंडोज प्रोग्रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत चालणाऱ्या आभासी पीसीत) 32 बिट विंडोज. सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली असलेलं यूएसबी डोंगल तिथं बऱ्याचदा ओळखलं जातं, जुन्या पॅरलल पोर्टवाल्याच्या भरवशावर मात्र राहू नका. सॉफ्टवेअरवाला "चालतंय की" म्हणाला तरी पैसे द्यायच्या आधी तुमच्याच डोंगलवर, तुमचीच एखादी जुनी डिझाइन उघडून दाखवायला लावा.