कर्नल अपडेटनंतर सॅनच्या डिस्क गायब

कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केल्यावर सर्व्हर नीट सुरू झाला, पण सॅनवरची (नेटवर्कने जोडलेल्या सामायिक साठ्यावरची) एकही डिस्क दिसेना. केबल, झोनिंग (कोणत्या सर्व्हरला कोणता साठा दिसावा याची मांडणी) ठीक. सॅनला जोडणारं फायबर चॅनलचं कार्ड दिसत होतं, ड्रायव्हरही लोड झालेला. खरं कारण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) सापडलं: कार्डाचं फर्मवेअर (कार्डावरच चालणारं सॉफ्टवेअर) लोड झालं नाही, एरर उणे २, म्हणजे फाइलच नाही. गंमत म्हणजे फाइल डिस्कवर होती! पण ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या इमेजमधून) लोड होत होता, तेव्हा रूट (मुख्य फाइल सिस्टिम) माउंट झालेलंच नसतं. ही इमेज कर्नल बसतानाच बनली होती; फर्मवेअरचं पॅकेज नंतर बसल्यामुळे तिच्यात फाइल आली नव्हती. खात्रीसाठी मॉडप्रोब कमांडने ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. डिस्क लगेच आल्या. (रूटच सॅनवर असतं तर ही चैन परवडली नसती.) मग ड्रॅकट या साधनाने इमेज नव्याने बनवली आणि रीबूट केलं. मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्कपर्यंतचे अनेक मार्ग सांभाळणाऱ्या सोयीत) सगळे मार्ग परत दिसले.