मूल वाचताना चुकते तेव्हा: पहिली-दुसरीच्या भावी शिक्षकांसाठी

डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका करणारा विद्यार्थी आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतील सरावासाठी, पुण्यातील एखाद्या प्राथमिक शाळेत जातो, तेव्हा त्याच्याकडे लवकरच मुलांचे वाचन तपासण्याचे काम येते. हातात तक्ता असतो, समोर मूल उतारा वाचत असते आणि चुकेल तेथे खूण करायची असते. ही चूक कोठून आली हे खूण करण्याआधी ओळखता यावे, यासाठी साक्षरतेच्या काही संकल्पना नीट समजून घ्याव्या लागतात. परीक्षेत त्यांच्या व्याख्या विचारल्या जातात, हे कारण त्यामानाने दुय्यम आहे.

सुरुवात एका सोप्या मांडणीपासून करावी. वाचन म्हणजे लिपी उलगडणे आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार, असे गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले. येथे बेरीज नसून गुणाकार आहे. त्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल, तर दुसरे कितीही असले तरी हाती शून्यच येते. वर्गात याचा उपयोग असा करावा: उतारा वाचून झाल्यावर मुलाला प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा तुम्ही स्वतः त्याला वाचून दाखवा आणि तसेच प्रश्न विचारा. आता उत्तरे आली, तर अडचण लिपीत आहे. तरीही आली नाहीत, तर अडचण शब्दसंपत्तीत, विषयाच्या ओळखीत किंवा मराठीच्या सरावात असण्याचा संभव अधिक. बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबांतील कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुले वर्गात असतील, तर ही पडताळणी न करता त्यांना बाराखडी घोटायला बसवणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच.

लिपीच्या आधी ध्वनी येतो. बोललेल्या शब्दाचे तुकडे कानाने वेगळे करता येणे याला ध्वनिजाणीव म्हणतात आणि टाळ्या वाजवून शब्द फोडण्याचा खेळ तिच्यासाठीच असतो. मात्र या खेळात शिक्षक स्वतःच फसतात. ‘कमळ’ या शब्दाला तीन टाळ्या पडाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे तीन अक्षरे असतात. अजून लिहायला न शिकलेले मूल मात्र ‘क-मळ’ अशा दोन टाळ्या वाजवते. ‘करवत’ला ते ‘कर-वत’ म्हणून दोनच वाजवते. बरोबर मूलच असते, कारण ‘ळ’, ‘र’ आणि ‘त’ यांमधला ‘अ’ आपण लिहिताना धरतो आणि बोलताना गाळतो. हा फरक मुलाला पुढे सावकाश समजावता येतो, पण त्याच्या कानाला चूक ठरवून नव्हे.

लिपी शिकवताना संपूर्ण वर्णमाला आधी पाठ करून घेण्याची गरज नसते. ‘ग म भ न’ हा आपल्या ओळखीचा क्रमही वर्णमालेचा नाहीच. क, म, ल ही तीन अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, काम, काल, लाल, मला, कला, कमाल असे कितीतरी शब्द तयार होतात आणि पहिल्याच आठवड्यांत मूल अर्थ असलेले काहीतरी वाचू लागते. अक्षरगटांची पद्धत ती हीच. पुढच्या अडचणी बहुतेक ठरलेल्या असतात. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात मात्र त्याच्या आधी येतो. चक्र, ट्रक, सूर्य, वऱ्हाड या शब्दांत एकच ‘र’ चार वेषांत भेटतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’चा उच्चार निराळा असूनही अक्षर एकच आहे, आणि तो भेद लिपी सांगत नाही; शब्द ओळखीचा असेल तरच तो साधतो.

आता बोलीविषयी, कारण नवे शिक्षक सर्वाधिक अन्याय येथेच करतात. पाठात ‘होता’ असे छापलेले असताना मुलाने ‘व्हता’ वाचले किंवा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हटले, तर त्याने शब्द ओळखला, त्याचा अर्थ लावला आणि तो घरच्या उच्चारात सांगितला, असाच निष्कर्ष बहुतेक वेळा निघतो. तेच मूल ‘होता’ऐवजी ‘हाता’ वाचत असेल, तर मात्रेची ओळख कच्ची आहे. तक्त्यात या दोन्हींपुढे सारखीच फुली पडते आणि मग दोघांना एकच उपाय दिला जातो. पुण्यात शुद्ध उच्चारांचा आग्रह किती जुना आणि किती ठाम आहे हे सर्वांना ठाऊक आहे. वाचन तपासताना तो वर्गाबाहेर ठेवावा. प्रमाण मराठीचा परिचय गोष्टी वाचून दाखवताना रोज होतच असतो.

ओघवत्या वाचनाबाबत एक आकडा तुमच्या कानावर येईल. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणे हे उद्दिष्ट धरले होते. वेग महत्त्वाचा आहेच, कारण अक्षरामागून अक्षर चाचपडत जाणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. परंतु मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात: ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द, तर हिंदीत त्याचेच ‘घर के सामने वाले’ असे चार होतात. तेव्हा शब्द मोजताना ते किती लांबीचे आहेत, हेही पाहावे.

लेखनातल्या चुका तर अधिक बोलक्या असतात. ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ लिहिणाऱ्या मुलाने सारे ध्वनी ऐकले आहेत, त्याला फक्त जोडाक्षर ठाऊक नाही. ‘शाळा’चे ‘शळा’ लिहिणाऱ्याला काना अजून हवा आहे. श्रुतलेखनात दोघांनाही दहापैकी सारखेच गुण मिळू शकतात. म्हणून गुणांच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवा, प्रत्येक मुलाला एक पान द्या, आणि छापलेला शब्द, मुलाने वाचलेला किंवा लिहिलेला शब्द व तारीख एवढेच तिच्यात उतरवा. चुकीचे कारण लगेच लिहू नका. त्याच प्रकारच्या तीन-चार नोंदी झाल्यावर ते बहुधा आपोआप दिसू लागते, आणि पुढच्या सोमवारच्या पाठाचे टाचण त्या पानावरूनच काढता येते.