रूथ ब्राऊन यांची गाणी कोणत्या क्रमाने ऐकावीत

अमेरिकी गायिका रूथ ब्राऊन यांची गाजलेली ध्वनिमुद्रणे पहिल्यांदाच ऐकणार असाल, तर लोकप्रियतेच्या यादीमागे न जाता सालांचा क्रम धरावा, कारण १९४९ ते १९५४ या काळात त्यांचे गाणे जसे पालटत गेले, त्यात रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी लोकप्रिय संगीतप्रकाराची सुरुवातीची घडणच ऐकू येते. ही गाणी तबकडीच्या एका बाजूवर मावतील अशी, साधारण तीन मिनिटांची आहेत. त्यामुळे ठाण्याहून वाशीची लोकल पकडली, तर उतरेपर्यंत मुख्य गाणी सहज ऐकून होतात.

अपवाद फक्त पहिल्या गाण्याचा. अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी १९४९ मध्ये गायलेले ‘सो लाँग’ संथ आहे आणि त्यातला दीर्घ, सावकाश सोडलेला श्वास गाडीच्या खडखडाटात हरवतो, म्हणून ते घरी, शक्यतो रात्री घोडबंदर रस्त्याची वर्दळ ओसरल्यावर ऐकावे. त्यानंतर लगेच १९५० चे ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आईज’ लावावे. रूडी टूम्ब्स यांनी लिहिलेले हे गाणे रिदम अँड ब्लूजच्या यादीत अकरा आठवडे अग्रस्थानी होते. शब्द अश्रूंचे असले तरी लय चक्क उडती आहे, आणि या विसंगतीतच त्याची गंमत आहे.

१९५२ चे ‘फाईव्ह टेन फिफ्टीन अवर्स’ ऐकून १९५३ च्या ‘मामा, ही ट्रीट्स युअर डॉटर मीन’पाशी मात्र थांबावे आणि ते दोनदा ऐकावे. पहिल्या वेळी खंजिरीसारख्या टॅम्बुरिनच्या ठेक्याकडे लक्ष द्यावे, दुसऱ्या वेळी शब्दाच्या शेवटी एकाएकी वर जाऊन चिरकणाऱ्या आवाजाकडे. नाट्यसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानांना तो सुरुवातीला दोष वाटेल. प्रत्यक्षात तीच त्यांची ओळख होती. हे गाणे निवडताना ध्वनिमुद्रणाचे साल अवश्य तपासावे, कारण १९६२ मध्ये त्यांनी ते फिलिप्स कंपनीसाठी पुन्हा गायले आणि ऐकायला सुरुवात करावी ती मूळ अटलांटिक आवृत्तीपासूनच.

चक विलिस यांनी लिहिलेले १९५४ चे ‘ओ व्हॉट अ ड्रीम’ त्यानंतर घ्यावे. त्यात पुन्हा संथपणा येतो, पण ‘सो लाँग’मधला संकोच उरलेला नाही. १९५७ चे ‘लकी लिप्स’ पॉपच्या यादीत पोहोचले असले, तरी मला ते फिके वाटते. वाशी जवळ आली असेल, तर ते परतीच्या गाडीसाठी राखून ठेवावे.