खेड्यातील घरी जुना सन सर्व्हर सुरू करताना

सन मायक्रोसिस्टम्सचे १९९८ सालचे अल्ट्रा ५ (घरगुती सर्व्हर म्हणून वापरता येणारे वर्कस्टेशन) भंगाराच्या भावात हाती लागले की ते लगेच प्लगला जोडून पाहण्याचा मोह होतो; तो आवरावा. विदर्भातल्या खेड्यात अशा यंत्राच्या तक्रारीचे मूळ पुष्कळदा घरच्या विजेत असते, म्हणून आधी अर्थिंग तपासावे.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात उत्तम चालणारे अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतेच उरते. घरातली उपकरणे चालू असताना मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असल्यास ठीक, त्याहून बरेच जास्त असल्यास वायरमनला बोलवावे, आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी टाकत राहावे. हा सोपस्कार नव्हे. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधील कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याच्या पेटीला जोडलेले असतात, त्यामुळे अर्थ तुटलेली असेल तर पेटीवर साधारण ११५ व्होल्ट दिसतात. हाताला नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्याच वेळी दुसऱ्या संगणकाची सिरियल केबल जोडली तर पोर्टची चिप जळू शकते. म्हणून केबल नेहमी दोन्ही यंत्रांचे प्लग काढूनच जोडावी.

नंतर झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढावी. कापूसपट्ट्यातील घरांत पंख्याच्या पात्यांवर कापसाची तूसही बसलेली असते. बोर्डावरील फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर बदलून घ्यावेत. पॉवर सप्लायची पेटी मात्र अनुभव नसल्यास उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर भार राहिलेला असू शकतो.

कीबोर्ड न जोडता यंत्र सुरू केल्यास ते सिरियल पोर्ट ए वर बोलू लागते, म्हणजे त्याचे संदेश केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकाच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये दिसतात. तो २५ पिनांचा असून त्याला नल-मोडेम केबल (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारा उलट जोडलेली) लागते. टर्मिनल प्रोग्रॅमची मांडणी अशी: वेग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. त्या संगणकाचा पडदा कोराच राहिला तर आधी केबल साधी तर नाही ना ते पाहावे आणि मग मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवाव्यात. त्या जोडीनेच बसवाव्या लागतात, एकटी पट्टी चालत नाही.

आयडीप्रॉममधील (यंत्राची ओळख साठवणाऱ्या भागातील) मजकूर अवैध असल्याचा संदेश आला तर घाबरू नये. या वयाच्या सन यंत्रांत तो यायचाच. ही माहिती जपणाऱ्या एनव्हीरॅम चिपच्या पोटातच बॅटरी असते आणि ती संपली की घड्याळ, बूटची मांडणी आणि नेटवर्कचा मॅक पत्ता हे सारे पुसले जाते. चिप सॉकेटमध्ये असते, त्यामुळे नवी एम४८टी५९वाय बसवणे हा सरळ उपाय आहे. त्यानंतर ओपनबूटच्या (यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमच्या) ओके प्रॉम्प्टवर एमकेपी (mkp) या आदेशाने यंत्राचा प्रकार, मॅक पत्ता आणि होस्ट आयडी एकेक बाइट करून भरावे लागतात. शेवटचा बाइट हा आधीच्या पंधरांचा एक्सॉर (बिट ताडून काढलेली पडताळणीची बेरीज) असतो, आणि तो चुकला की तोच संदेश पुन्हा समोर येतो.

प्रणालीसाठी नेटबीएसडी किंवा ओपनबीएसडी (युनिक्ससारख्या मोफत प्रणाली) घ्यावी, कारण दोन्ही या प्रोसेसरवर अजून चालतात. यातील डिस्क आयडीई (जुन्या पीसीतल्यासारख्या जोडणीची) असल्याने जुनी डिस्क कुरकुरत असल्यास ॲडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वापरता येते. टेलनेट (पासवर्ड उघडाच पाठवणारी दुरून लॉगिनची जुनी सोय) मात्र घराबाहेर उघडे ठेवू नये.

चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी सर्व्हर बंद ठेवणेच शहाणपणाचे. कूलरचा झोत त्याच्यावर सोडू नये, त्या दमट हवेने कनेक्टर गंजतात.

यंत्र मधूनच आपोआप रीबूट होत असेल तर प्रत्येक वेळ वहीत टिपून ठेवावी. रब्बीत ओलिताचे पंप सुरू होण्याच्या वेळा आणि या नोंदी जुळल्या तर बोर्डाची चिकित्सा थांबवून त्या वेळचे व्होल्टेज मोजावे. साइन वेव्ह इन्व्हर्टर असल्यास त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर न्यावे, म्हणजे व्होल्टेज फार उतरले की तो लवकर बॅटरीवर जातो. साध्या मोडमध्ये तो बराच वेळ तीच उतरलेली वीज पुढे देत राहतो.